रस्त्यात करंट कशाला, पार्किंगमध्ये द्या की!

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तो व्हिडिओ फिरून येतोच. अमेरिकेतला रस्ता, वरून साधा डांबरीच दिसतो, त्यावरून गाडी जातेय आणि जाता जाता चार्ज होतेय, खाली कुणीतरी लिहिलेलं असतं 'आणि आपण अजून खड्डे मोजतोय'. मग अंगठ्यांचा पाऊस, एक काका 'गडकरी साहेब करतील बघा' म्हणतात, दुसरे काका 'आधी ठाण्याचा घोडबंदर रोड नीट करा म्हणावं' म्हणतात आणि पुढचा अर्धा तास पक्षीय भांडण.

व्हिडिओ खोटा नाहीये बरं का. डेट्रॉइटमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये असा रस्ता खरंच सुरू झालाय, फक्त त्याची लांबी पाव मैल आहे, म्हणजे साधारण ४०० मीटर. आपल्या ठाण्यातल्या तीन हात नाक्यापासून नितीन कंपनीपर्यंतसुद्धा पोचत नाही तो. डांबराखाली काही सेंटीमीटरवर तांब्याच्या तारेची वेटोळी पुरलेली असतात, कडेला एक कंट्रोल युनिट, गाडीच्या पोटाला रिसीव्हर. रिसीव्हरवाली गाडी वर आली की तेवढंच वेटोळं चालू होतं, चुंबकीय क्षेत्रातून वीज वर जाते, गाडी पुढे गेली की बंद. फोन वायरलेस चार्जरवर ठेवतो ना आपण, तत्त्व तेच, फक्त इथे फोनचं वजन दीड टन आणि तो पळतोय.

तर तंत्रज्ञान चालतं, याबद्दल वाद नाही. माझा वाद वेगळा आहे. खाजगी गाड्यांसाठी रस्त्यात वीज घालणं हे चुकीच्या ठिकाणी खर्च करणं आहे, निदान आपल्याकडे, म्हणजे ठाणे-नवी मुंबईसारख्या ठिकाणी तरी. गाडी दिवसातले तास-दीड तास पळते आणि उरलेला वेळ कुठेतरी उभी असते. वीज ती जिथे उभी असते तिथे द्यायला पाहिजे, आणि नेमकं तेच काम आपण करत नाहीयोत कारण त्याचा व्हिडिओ बनत नाही.

चालत्या गाडीला वीज देणं ही काही या शतकातली अक्कल नाही. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेवरची पहिली लोकल धावली, १५०० व्होल्ट डीसीवर, शंभर वर्षं उलटून गेली त्याला. बेस्टने १९६२ ते १९७१ या काळात मुंबईत ट्रॉलीबसही चालवून बघितली, डोक्यावर तारा आणि खाली रबरी टायर. ती बंद पडली पण लोकल राहिली, आणि का राहिली ते बघा. लोकलचा मार्ग ठरलेला, गाडी ठरलेली, वेळापत्रक ठरलेलं, मालक एकच, आणि त्या तारेखाली दर तीन-चार मिनिटांनी कोणीतरी आहेच. तार घालायचा खर्च अशाच ठिकाणी वसूल होतो. घोडबंदर रोडवरच्या गाड्यांना यातलं काहीही लागू नाही. कुणाकडे पेट्रोल, कुणाकडे सीएनजी, कुणाकडे ईव्ही, त्यातही रिसीव्हर असलेली किती? रिसीव्हर नाही म्हणून रस्ता कोणी बांधत नाही आणि रस्ता नाही म्हणून रिसीव्हर कोणी बसवत नाही.

सोलर रोडचं, म्हणजे रस्त्यावरच सोलर पॅनल अंथरायच्या कल्पनेचं, थोडक्यात उरकतो कारण त्यात फार दम नाही. फ्रान्समध्ये नॉर्मंडीत डिसेंबर २०१६ मध्ये एक किलोमीटरचा रस्ता सोलर पॅनलने मढवला, ५० लाख युरो खर्चून. वर ट्रॅक्टर जाणार, झाडाची पानं पडणार, पॅनल सूर्याकडे तोंड करून नाही तर आडवं झोपलेलं, अपेक्षेच्या निम्म्याच्या आसपास वीज आली, पॅनल फुटायला लागली, काही भाग उखडावाही लागला. चीनमध्ये जिनानला २०१७ च्या शेवटी असाच रस्ता उघडला आणि काही दिवसांतच पॅनलचा एक तुकडा चोरीला गेला! गटाराची झाकणं आणि स्ट्रीटलाइटच्या केबली गायब होणाऱ्या गावाला त्यावर हसायचाही अधिकार नाही म्हणा. पॅनल छपरावर लावा, संपला विषय.

आता वेटोळ्यांच्या रस्त्याकडे येऊ, तो जास्त गंभीर प्रकार आहे. साधा हिशोब मांडतो, वही-पेनाचा. अशा रस्त्यावरून छोट्या गाडीला साधारण २० किलोवॅटच्या आसपास वीज मिळते असं धरा. गाडी ६० च्या स्पीडने चालली तर एक किलोमीटर एका मिनिटात जातो, तेवढ्यात एक तृतीयांश युनिट (युनिट म्हणजे एक किलोवॅट तासभर) आत येतं. छोट्या ईव्हीला किलोमीटरला ०.१३ युनिट लागतं, म्हणजे एक किलोमीटर चाललात तर अडीच किलोमीटरची रेंज मिळाली. वाईट नाही. स्पीड ३० वर आणा, रेंज पाच किलोमीटर. आणि ट्रॅफिक ठप्प असेल तर? पाऊण तास अडकलात तर १५ युनिट, शंभर किलोमीटरच्या वर रेंज! म्हणजे हा रस्ता जगात कुठे सगळ्यात भारी चालेल तर तो घोडबंदरला, मानपाड्याला अडकलेला माणूस गायमुखला पोचेपर्यंत फुल चार्ज.

हे वाचून कोणी खूश होणार असेल तर थांबा जरा, वीज येणार कुठून तेही बघू. जॅममध्ये गाड्या एकमेकांना चिकटून, साडेसहा मीटरला एक धरा, एका लेनमध्ये किलोमीटरला दीडशे गाड्या. प्रत्येकीला २० किलोवॅट म्हणजे एका लेनच्या एका किलोमीटरला तीन मेगावॅट. सहा लेन, १८ मेगावॅट. कापूरबावडी ते गायमुख दहाएक किलोमीटर, १८० मेगावॅट. कबूल की सगळ्या गाड्या ईव्ही नसतील आणि सॉफ्टवेअर लोड कमीही करेल, पण निम्मं धरलं, पाव धरलं तरी ट्रान्सफॉर्मर, सबस्टेशन, जाडजूड केबल हे सगळं त्या जॅमच्या तासासाठी बांधून ठेवायचं आणि दुपारी-रात्री ते रिकामं बसणार. शिवाय तो तास कोणता? संध्याकाळी सात-आठचा. सूर्य मावळलेला, सोलर बंद, घराघरात एसी-मिक्सर-टीव्ही चालू, ग्रिडवर ताण असतो आणि बाजारात वीज महाग असते तीच वेळ. विजेच्या दृष्टीने गाडी चार्ज करायला दिवसातली सगळ्यात वाईट वेळ शोधून काढा म्हटलं तर हीच सापडेल, आणि या रस्त्याला दुसरा पर्याय नाही कारण गाड्या तेव्हाच रस्त्यावर असतात.

मग रस्ता स्वतः. तुम्ही कधी खोदलेल्या चरात डोकावून बघितलंय का? मी बघतो, सवय आहे. वर डांबराचा पाच-सहा बोटं जाडीचा थर, त्यातसुद्धा तीन वेगवेगळ्या वर्षांचे थर वेगवेगळ्या काळ्या रंगाचे, खाली खडी, मग मुरूम, त्यात फायबरचे दोन-तीन केशरी-निळे पाइप, पिवळा गॅसचा पाइप, वीजवाल्यांची जाडी केबल, कधी त्याच्या वर लाल फरशी असते कधी नसते, आणि मध्येच एक गंजका पाण्याचा पाइप जो कुणाच्याच नकाशात नाही आणि जेसीबीवाला त्यालाच हात घालतो. रस्ता एका यंत्रणेचा, सर्व्हिस रोड दुसरीचा, वरचे मेट्रोचे खांब तिसरीचे. आता याच्यात आठ-दहा सेंटीमीटरवर वेटोळी घालायची. दर एक-दोन पावसाळ्यांनी वरचा थर मशीनने खरवडून नवा टाकावा लागतो, खड्ड्यात मास्टिक, म्हणजे डांबराचं घट्ट मिश्रण, ओततात ते भट्टीतून निघतं तेव्हा दोनशे अंशांच्या आसपास गरम असतं. डांबर नको म्हणून काँक्रीट करा म्हणाल, तर काँक्रीटच्या जॉइंटमध्ये लोखंडी सळ्या असतात आणि वेटोळ्याच्या जवळ लोखंड आलं की वीज गाडीत जायच्या ऐवजी सळई गरम करण्यात जाते. इंजिनिअर यातून मार्ग काढतील, काढतातच, पण प्रत्येक मार्गाचं बिल असतं.

या कल्पनेच्या बाजूने जे खरं भक्कम म्हणणं आहे ते व्हॉट्सॲपवर कोणी मांडत नाही म्हणून मीच मांडतो. ईव्हीमधली सगळ्यात महाग आणि जड वस्तू बॅटरी. रस्त्यातूनच वीज मिळाली तर बॅटरी छोटी चालेल, गाडी स्वस्त होईल, हलकी होईल, लिथियम-कोबाल्ट कमी लागेल. २०१० च्या सुमारास हे म्हणणं बिनतोड होतं, तेव्हा बॅटरी युनिटमागे हजार डॉलरच्या वर होती. २०२४ मध्ये ती सरासरी ११५ डॉलरच्या आसपास आली! रस्ता मात्र त्या काळात स्वस्त झाला नाही, कुठेच नाही. स्वीडनने या विषयात एकामागून एक चाचण्या केल्या, २०१६ ला डोक्यावरच्या तारा, २०१८ ला स्टॉकहोमजवळ रस्त्यात रूळ, २०२० ला गॉटलंड बेटावर वेटोळी, आणि मग ई२० हायवेवर २१ किलोमीटरचा कायमचा रस्ता करायचं ठरवलं. २०२३ मध्ये टेंडरचे आकडे बजेटबाहेर गेले आणि ते थांबवलं. ज्यांच्याकडे पैसा, शिस्त आणि इतक्या वर्षांचा अनुभव आहे ते हात आखडता घेतायत, ही बातमी मात्र फॉरवर्ड होत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, पार्किंग. ठाण्याहून बीकेसीला रोज गाडीने जाणारा माणूस घ्या, जाऊन-येऊन ५० किलोमीटर. लागले साडेसहा-सात युनिट. साध्या १५ ॲम्पिअरच्या सॉकेटवर, ज्यावर आपला गिझर चालतो, हे दोन-अडीच तासांचं काम आहे आणि गाडी रात्री दहा तास उभी आहे. डेट्रॉइट नको, तांब्याची वेटोळी नको, एक सॉकेट पाहिजे. आणि ते सॉकेट मिळवायला आपल्याकडे काय दिव्य करावं लागतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

घोडबंदर पट्ट्यातल्या कुठल्याही मध्यमवयीन टॉवरच्या मीटर रूममध्ये जाऊन बघा. भिंतभर मीटर, खाली जुना बसबार, केबलींना लाल-पिवळ्या-निळ्या टेपा, कोपऱ्यात वाळूच्या बादल्या ज्यात लोकांनी गुटख्याची पाकिटं टाकलीयत. तुमचा फ्लॅट बी विंगमध्ये, पार्किंग पोडियमच्या दुसऱ्या मजल्यावर सी विंगच्या बाजूला, मध्ये पन्नास-साठ मीटर केबल, ती कुठून न्यायची? कॉमन डक्टमधून नेली तर कमिटी म्हणते फायरचं बघावं लागेल, बाहेरून नेली तर एलेव्हेशन खराब होतं. एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, विषय आला की ठरलेलं वाक्य येतं, 'आज याला परवानगी दिली तर उद्या सगळे मागतील.' अहो मागू देत की! सगळ्यांनी मागावं म्हणूनच तर सरकार ईव्हीला सवलती देतंय, अटल सेतूवर टोल माफ करतंय. मग कोणीतरी कॉमन लाइटच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन ओढतो, वॉचमन बघून न बघितल्यासारखं करतो, आणि एक दिवस एमसीबी उडाला की लिफ्टपाशी भांडण.

कमिटीची भीती अगदीच खोटी नाही हेही सांगतो. शंभर ईव्ही आल्या आणि प्रत्येकाने ७.४ किलोवॅटचा बॉक्स लावून रात्री नऊला एकदमच चालू केला तर ७४० किलोवॅट होतात, ट्रान्सफॉर्मर उडेल. पण त्याच शंभर गाड्यांची रोजची खरी गरज किती? सात युनिटप्रमाणे ७०० युनिट, दहा तासांत वाटले तर सरासरी ७० किलोवॅट. दहा पट फरक, आणि तो फक्त कोणाला कधी द्यायचं एवढं ठरवण्याचा. याला लोड मॅनेजमेंट म्हणतात, त्याची यंत्रणा आज बाजारात मिळते, रॉकेट सायन्स नाही. स्मार्ट म्हणायचंच असेल कशाला तर याला म्हणा, रस्त्याला कशाला.

आणि दिवसाचं बघा. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटी पार्कांच्या पार्किंगमध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी सहा गाड्या ओळीने उभ्या, नेमक्या सोलरची वीज भरपूर असते त्याच वेळेत. महावितरणने स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते पाच वापरलेल्या विजेवर सवलत द्यायला सुरुवात केली ती याचसाठी, दुपारच्या विजेला गिऱ्हाईक पाहिजे म्हणून. पण दुपारी गाडी घरी नसते ना, ऑफिसला असते. तिथे दहा झगमगीत फास्ट चार्जर लावण्यापेक्षा दोनशे साधे १५ ॲम्पिअरचे पॉइंट लावले तर जास्त उपयोग, कारण आठ तास उभ्या गाडीला फास्ट चार्जिंग लागतंय कशाला? उगाच चार्ज झाल्यावर खाली येऊन गाडी हलवा, मागचा फोन करतोय, मीटिंग सोडून पळा.

रस्त्यातली वीज पूर्णच बाद करा असं मी म्हणत नाहीये. दक्षिण कोरियात गुमी शहरात २०१३ ला २४ किलोमीटरच्या बसमार्गावर ही वेटोळी वापरली, आणि सगळ्या मार्गावर नाही, पाच ते पंधरा टक्के रस्त्यातच. बस तीच, थांबा तोच, रिसीव्हर कुठल्या गाडीला लावायचा हे माहीत. आपल्याकडे ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी, मुंबईची बेस्ट तिन्हींकडे इलेक्ट्रिक बस आहेत, डेपोत आणि शेवटच्या थांब्यावर बस दहा-पंधरा मिनिटं उभी राहते तिथे जोरात चार्जिंग देता आलं तर बॅटरी छोटी ठेवता येईल आणि बस जास्त फेऱ्या मारेल. ठाणे स्टेशनला सॅटिसवर, म्हणजे बसच्या उंच डेकवर, ज्याने संध्याकाळची लाइन बघितलीय त्याला जास्त फेऱ्या म्हणजे काय ते समजावून सांगायला नको.

ट्रकचंही तसंच. जेएनपीटी बंदराहून निघालेला कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा करत घोडबंदरने गुजरातकडे जातो, रोज तोच रस्ता. जर्मनीत फ्रँकफर्टजवळ ए५ हायवेवर ट्रकसाठी रेल्वेसारख्या तारा लावून २०१९ पासून काही वर्षं चाचणी केली होती. ट्रकला एवढी मोठी बॅटरी वाहून न्यावी लागते की तिथे निदान हिशोब मांडण्यासारखा आहे. पण मग मला वाटतं, तारांखाली कंटेनरच न्यायचे तर जेएनपीटी ते दिल्लीजवळचं दादरी तो मालगाड्यांचा खास रेल्वेमार्ग त्यासाठीच आखलाय की, पंधराशे किलोमीटरचा, विजेवरचा, एका डब्यावर दोन कंटेनर रचून नेणारा. माजिवड्याचा नाका तेवढाच मोकळा.

गाड्यांचं भविष्य काय असं कोणी विचारलं तर लोक लगेच ड्रायव्हरलेस वगैरे सुरू करतात, त्यावर मी काही बोलत नाही, कापूरबावडीला उलट्या दिशेने येणारा रिक्षावाला आणि सेन्सर यांची एकदा गाठ पडू दे, मग बोलू. माझ्या मते भविष्य जागेवर अडणार आहे, इंजिनावर नाही. पेट्रोलची गाडी जेवढी जागा खाते तेवढीच ईव्ही खाते, जॅम विजेवर चालणारा झाला तरी तो जॅमच, फक्त धूर नाही. त्यामुळे महापालिकेचे किंवा राज्याचे पैसे खाजगी गाडीखालच्या वेटोळ्यात घालणं हे मला न्यायाचंही वाटत नाही, ज्याच्याकडे गाडी आहे आणि तीही वीस लाखांची, त्याच्यासाठी रस्ता सोन्याचा करायचा आणि बसच्या थांब्यावर शेड नाही. आपल्याकडे विजेवर खरी पळतायत ती दुचाकी आणि तीनचाकी वाहनं. डिलिव्हरीवाली पोरं बॅटरी काढून दुसरी टाकतात, दोन मिनिटांत पुढे. त्यांना कुठल्या रस्त्याची गरजच पडली नाही.

एक काम मात्र रस्त्यातच करायला पाहिजे आणि ते अजिबात चकचकीत नाही. रस्ता काँक्रीटचा करताना फूटपाथखाली रिकामे प्लास्टिकचे पाइप टाकून ठेवा, ठरावीक अंतरावर चेंबर ठेवा, बस. उद्या चार्जरची केबल असो, फायबर असो, अजून काही निघो, रस्ता न फोडता ओढता येईल. एकूण खर्चात हे किरकोळ आहे, नंतर फोडून करायचं तर कितीतरी जास्त.

कारण शेवटी सगळे काही टॉवरमध्ये राहत नाहीत. वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या सेक्टरमध्ये, नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगींमध्ये, कळव्यात, गाडी रस्त्याच्या कडेलाच लागते, त्यांना ना पोडियम ना मीटर रूम. त्यांच्यासाठी लंडनमध्ये करतात तसं स्ट्रीटलाइटच्या खांबावर चार्जिंगचा पॉइंट देता येतो, दिवे एलईडी झाल्यावर त्या केबलीवरचा लोड तसाही कमी झालेला असतो, हळू चार्जिंगला तेवढा पुरतो, निदान काही खांबांवर. आता खांब महापालिकेचा, वीज महावितरणची, आणि खांबाखालची जागा कोणाची हे ठरवणारी पार्किंग पॉलिसी बऱ्याच गल्ल्यांमध्ये कागदावरही नाही. रात्री अकरानंतर जो आधी येतो त्याची. तेव्हा कडेच्या पार्किंगचे पट्टे आखणं, नंबर टाकणं आणि महिन्याला रास्त भाडं घेणं, इथून सुरुवात करावी लागेल, आणि फुकट पार्किंग सोडायला आपण ईव्हीवालेसुद्धा तयार नाही आहोत.